थोरला जावई

त्या घरात रोज सकाळी एका जावयाला उठवावं लागे, आणि तो साध्या हाकेनं उठणाऱ्यांतला नव्हता.

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या ओट्यावर, बोल्टांनी जखडून ठेवलेली एक जुनी थोराड मोटर होती. तिच्या शाफ्टवर रिकामी पुली, पुलीवर पट्टा नाही. म्हणजे ती काही ओढत नव्हती, काही कापत नव्हती. दिवसभर नुसती फिरायची आणि गुरगुरायची. पण ती फिरली नाही तर तिच्या शेजारचा लेथ, मिस्त्रींचं लोखंड कापायचं यंत्र, जागचा हलत नसे. घरात वीज होती सिंगल फेजची, दोन तारांची, दिव्यापंख्यापुरती. लेथला लागत होत्या तीन फेज. गल्ली राहत्या घरांची, इथे तीन फेज मिळायची नाही, असं वीज कार्यालयानं सांगितलं होतं, आणि ते सांगणाऱ्या माणसाला इतकी जांभई आली होती की पुन्हा विचारायला जायचा मिस्त्रींना धीर झाला नाही. त्यांनी आपली ही मोटर आणून मध्ये बसवली. तिला दोन तारा जोडायच्या. दोन तारांवर ती आपण होऊन उठत नाही. जागच्या जागी थरथरत हूं हूं करते आणि तशीच ठेवली तर जळते. पण कुणी तिला हातानं गरकन फिरवून दिलं आणि लगेच खटका दाबला, की ती धावायला लागते. एकदा धावली की तिसरी फेज स्वतःच्या पोटातून काढून लेथला देते. कशी देते, असं कुणी विचारलं तर मिस्त्री म्हणत, "गाईला दूध कसं येतं ते ठाऊक नसतं, तरी चहा पितोस ना?"

बोलताना मोटर बाईच्या जातीची, पण घरात तिचं नाव पडलं होतं जावई. ते ठेवलं मिस्त्रींच्या बायकोनं. मोटर बसवली त्या आठवड्यात ती कंबरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "कोपऱ्यात बसतो, खातो भरपूर, काम काडीचं करत नाही, वर उठवायला रोज मिनतवाऱ्या. जावईच की हा!" तेव्हा मुलगी शाळेत होती. ती हसून हसून जमिनीवर लोळली होती. पुढे रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक यायची, "जावई उठला का?" आणि मागच्या खोलीतून मिस्त्री ओरडायचे, "उठला!" ते ऐकल्याशिवाय त्या घरात दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

उठवायची रीत ठरलेली होती. दाराच्या बाजूला उभं राहायचं. पुलीवर दोरी वरून गुंडाळायची. उजव्या हातानं एकच दणदणीत हिसका द्यायचा आणि पुली गरगरत असतानाच डाव्या हातानं खटका दाबायचा. पुली दाराकडे फिरली पाहिजे, म्हणून मोटरच्या अंगावर तांबड्या रंगाचा बाण काढलेला होता. उलटी फिरवली तर ती उलटीही तितक्याच खुशीनं धावते, आणि मग तिच्या जिवावर चालणारा लेथही उलटा फिरतो. मधे एका वायरमननं दोरीची कटकट नको म्हणून कपॅसिटर लावून दिले होते. ते दोनदा फुटले. दुसऱ्यांदा असा बार उडाला की शेजारीण मूल काखोटीला मारून रस्त्यावर आली. तेव्हापासून दोरी ती दोरी. आणि दोरीला हात फक्त मिस्त्रींचा. बाण काढला होता तो कुणा दुसऱ्यासाठी, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी दोरीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

मुलीचं लग्न झालं आणि घराला खरा जावई आला. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा; उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासूबाईंनी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "हे थोरले जावई. तुम्ही धाकटे." त्यानं मोटरीपुढे दोन्ही हात जोडले. "थोरल्यांना नमस्कार," म्हणाला, आणि इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मिस्त्रींना तो त्या क्षणी आवडला. पुढे फोन केला की आधी विचारायचा, "थोरले बरे आहेत ना? उठतात ना वेळेवर?" मिस्त्रीही तोंड भरून त्याला जावईबापू म्हणायचे.

मग त्याच्या एका डोळ्याला अंधुक दिसायला लागलं. औषधं झाली, डॉक्टर झाले, डोळा काही सुधारला नाही. एका डोळ्याच्या माणसाच्या हाती शाळेची मुलं कोण देणार? व्हॅन गेली. पाठोपाठ भाड्याची खोली गेली. मुलीला कपडे शिवायच्या कारखान्यात काम होतं, ते या घराहून जवळ पडत होतं. तेवढं निमित्त पुढे करून दोघं इथे राहायला आली. निमित्त सगळ्यांना कळत होतं आणि सगळ्यांनी ते खरं मानल्यासारखं केलं.

दोघं आल्यावर एका सकाळी सासूबाईंनी सवयीनं हाक मारली, "जावई उठला का?" पुढच्या खोलीत खरा जावई भिंतीकडे तोंड करून अंथरुणावर पडला होता. जागा होता. मुलगी केस विंचरत होती, तिचा हात केसांतच राहिला. मागच्या खोलीत मिस्त्रींच्या तोंडून 'उठला' निघालंच नाही. दुसऱ्या दिवसापासून हाक बदलली. "चालू झालं का?" असं विचारणं सुरू झालं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. नाव आपलं घरातून निघून गेलं, आणि जाताना 'जावईबापू' हा शब्दही घेऊन गेलं. कारण आता तसं म्हटलं असतं तर टोमणा मारल्यासारखं वाटलं असतं. मिस्त्री त्याला नुसतं 'अहो' म्हणायला लागले, किंवा तो समोर येईपर्यंत थांबायचे. तोही कमी बोलायला लागला. सकाळी चहा घेतला की बाहेर पडायचा, काम बघतो म्हणायचा, आणि जेवायच्या वेळेला परत यायचा तेव्हा त्याला कुणी काही विचारत नसे.

हे सगळं चाललेलं असताना मिस्त्रींच्या मागे त्यांचं स्वतःचं एक दुखणं लागलं होतं, आणि त्याबद्दल ते मूग गिळून बसले होते. उजवा खांदा आखडला होता. आधी नुसता ठणकायचा. मग हात डोक्यापर्यंत जाईना. मग केस डाव्या हातानं विंचरायला लागले, शर्टाची उजवी बाही आधी चढवायला लागले, फळीवरचं काही हवं असलं तर स्टूल घ्यायला लागले. लेथवर काही अडत नव्हतं. तिथे हात कंबरेच्या वर न्यावा लागत नाही. अडत होतं ते दोरीपाशी. हिसका बसायचा नाही. मोटर हूं हूं करायची, खटका बंद करायचा, दोरी पुन्हा गुंडाळायची, पुन्हा हिसका. एकेका सकाळी घामाघूम व्हायचे.

कुणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगायचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद करून ठेवला होता. मागे एकदा बायको म्हणाली होती, "आता पुरे करा की. विकून टाका ते धूड. खोली तरी मोकळी होईल, पोरीला झोपायला जागा होईल." त्यावर मिस्त्रींचा पारा चढला होता. "ज्या दिवशी ही दोरी माझ्या हातानं ओढली जाणार नाही," ते गरजले होते, "त्या दिवशी भंगारवाल्याला मीच हाक मारीन! तोवर या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही." कुणी उघडलंही नाही. माणूस रागात बोलून जातो आणि मग ते बोलणं उंबऱ्यावर कुत्र्यासारखं बसून राहतं, त्याला ओलांडून जायची सोय राहत नाही. लेथ गेला तर आपल्याकडे उरतं काय, याचा विचार मिस्त्री करत नसत. ते नुसते रोज सकाळी, आजचा दिवस निभाव, असं मोटरीला म्हणायचे.

त्या दिवशी मात्र खांदा दगड झाला होता. रात्री कूस बदलतानाच त्यांना अंदाज आला होता. बेकरीवाल्याच्या पीठ मळायच्या मशीनचा शाफ्ट आला होता, वेल्डिंग करून आणलेला. तो आज कापून द्यायचा होता. मुलगी कामाला गेलेली. बायको स्वयंपाकघरात. धाकटा जावई अजून बाहेर पडला नव्हता, पुढच्या खोलीत बुटाची नाडी बांधत बसला होता.

मिस्त्रींनी पहिला हिसका दिला. पुली अर्धवट फिरली आणि आळस दिल्यासारखी थांबली. खटका दाबला तर मोटर नुसती गुरगुरली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दोरी हातातून सुटली आणि खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते स्टुलावर बसले. खिडकीतून उजेड येत होता, लेथवर पडला होता. कालचा लोखंडाचा किस झाडायचा राहिला होता, तो चमकत होता. मिस्त्रींना फार कंटाळा आला. मोटरीचा नाही, लेथचा नाही. रोज उठून लपवायचा कंटाळा आला. कुणी येऊन, बसा मिस्त्री, राहू द्या, असं म्हणालं असतं तर त्यांनी त्या माणसाला शिव्या दिल्या असत्या आणि बसलेही असते.

मग त्यांना डावा हात आठवला.

डावा धड होता. पण दाराच्या बाजूला डावा हात मागे घ्यायला जागा नाही, हत्यारांची फळी आडवी येते. ते उठले आणि मोटरीच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. दोरी नेहमीसारखी वरून गुंडाळली. पाय रोवले, डाव्या हातानं सगळा जीव एकवटून हिसका दिला आणि उजव्या हातानं, कंबरेशी असलेला खटका दाबला.

मोटर पहिल्या झटक्याला उठली. हूं नाही, थरथर नाही. मिस्त्रींच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. एवढं सोपं होतं तर इतके दिवस कशाला मेलो, असं त्यांना वाटलं. दोरी तशीच खिडकीखाली टाकून ते लेथपाशी आले. जॉब, म्हणजे कापायची वस्तू, लावण्याआधी लेथ रिकामा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचा, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, बेकरीवाल्याचा फोन! शाफ्ट कधी नेऊ विचारतोय!"

"दुपारी सांग!" म्हणत त्यांनी मान दाराकडे वळवली.

मागे आवाज बदलला. ओळखीचा आवाज दोन-तीन फेऱ्यांत घसरला, खडखडला. मिस्त्रींचं डोकं फिरायच्या आत त्यांच्या पायांना कळलं होतं आणि ते मागे सरले होते. जॉब पकडणारा लोखंडी चक, दोन हातांनी उचलताना कंबर वाकेल एवढा जड, तो लेथच्या शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो. लेथ सुलटा फिरतो तोवर आटे आवळले जातात. उलटा फिरला की सुटतात. चक सुटला, लेथच्या बेडवर, खालच्या लोखंडी पाटावर, आदळला, तिथून खाली कोसळला. पायाजवळची फरशी फुटली. तेलाचा डबा कलंडला. चक भिंतीपर्यंत घरंगळत गेला आणि तिथे आडवा झाला.

मिस्त्रींनी तांबडं बटण दाबलं. मग मोटरीचा खटका पाडला. पुलीचा वेग कमी झाला तेव्हा त्यांना दिसलं, ती खिडकीकडे फिरत होती. बाण दाराकडे तोंड करून बसला होता, आणि पुली खिडकीकडे. बाजू बदलली, हात बदलला, दोरी मात्र सवयीनं तशीच वरून गुंडाळली. नवशिक्या असता तर त्यानं बाण बघितला असता. मिस्त्री खाली फरशीवर बसले. फुटलेली फरशी त्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर होती. त्यांना भीती वाटली; साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

बायको आधी आली, मागोमाग एक बूट घातलेला धाकटा.

"लागलं का? कुठं लागलं?"

"नाही."

"मग असे खाली का बसलात?"

"बसलो."

तिनं खोलीभर नजर फिरवली. चक बघितला, फरशी बघितली. लेथमधलं तिला काडीचं कळत नव्हतं, पण ही खोली ती रोज झाडत होती, आणि कुठली वस्तू कुठे असते हे तिला मिस्त्रींपेक्षा जास्त माहीत होतं.

"दोरी खिडकीखाली कशी?"

"पडली."

"आपण होऊन चालत गेली?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "हात वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

मिस्त्रींनी डावा हात वर केला.

"तो नाही."

उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मिस्त्रींनी दात आवळून आणखी वर न्यायचा प्रयत्न केला. खांद्याऐवजी सगळं अंगच एका बाजूला कलंडलं.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे दिवस! उजवी बाही आधी घालायला लागलात तेव्हापासून बघतेय मी. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. नवऱ्यानं काहीतरी सांगायची वाट बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं." तिनं फुटलेल्या फरशीकडे बोट केलं. "पाय गेला असता आज. वीतभर राहिला होता."

"भंगारवाल्याला बोलव," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी बोललो होतो. बोलवून घे. एकदाचं होऊ दे."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि बेकरीवाल्याला आज जमणार नाही असं सांगायला आत गेली.

धाकटा दारातच उभा होता. मिस्त्रींना वाटलं, हाही जाईल. तो आत आला, पायातला एकुलता बूट काढून दाराशी ठेवला आणि चकापाशी वाकला.

"अहो, राहू द्या. जड आहे."

"असू दे." त्यानं चक उचलला, छातीशी धरला. "कुठं ठेवू, मामा?"

"त्या फळकुटावर. दातांवर नका ठेवू. हां."

चक ठेवून तो सरळ झाला. हाताला लागलेलं तेल कुठे पुसावं, हे त्याला कळेना. मिस्त्रींनी चिंधी पुढे केली. ती हातात घेऊन तो पुसायचं विसरला.

"मामा, एक विचारू?"

"विचारा."

"थोरल्यांना तुम्ही नावानं हाक मारणं का बंद केलंत?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. फुटलेल्या फरशीचा एक तुकडा उचलून त्यांनी दुसऱ्या तुकड्याला जुळवून बघितला. "तुमच्यासमोर बरं दिसत नाही," ते म्हणाले.

"आधी दिसत होतं."

"आधी तुम्ही पाहुणे होतात." बोलले आणि त्यांनी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"तेच म्हणतोय मी," धाकटा म्हणाला. तो चिडला नव्हता, उलट फार दिवस अडकलेलं काही सुटावं तसा सावकाश बोलत होता. "आधी ते नाव त्याचं होतं. तुम्ही सगळ्यांनी घ्यायचं बंद केलंत, त्या दिवशी ते माझं झालं. खातो, कोपऱ्यात बसतो, काम करत नाही. इथं मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, मामा. बोलला असतात तर भांडलो तरी असतो. न बोललेल्या शब्दाशी भांडू कसा मी?"

आपण त्याला जपत होतो, असं मिस्त्रींना वाटत आलं होतं. जपण्यात एक प्रकारचा शहाणपणाही वाटत होता. आता कुणी कानाखाली वाजवल्यासारखे कान गरम झाले.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "तुम्हाला वाटतं कुणाला कळत नाही. तुमचा हिसका फसला आणि मोटर गुरगुरली, की पुढच्या खोलीतला दिवा मान टाकतो, पंखा मंद होतो. रोज सकाळी मी पडल्या पडल्या मोजत असतो. आज दोनदा झालं. मामीसुद्धा मोजतात, भाजी चिरायची थांबतात."

मागच्या खोलीत दिवसा दिवा नसे, खिडकीवर भागत असे. त्यामुळे दिव्यांचं हे मिस्त्रींच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे एवढी लपवाछपवी त्यांनी अख्ख्या घराला दिव्यांनी कळवत केली होती.

"मग उठून आला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कधी कुणाला दोरीला हात लावू दिलाय?"

हे खरंच होतं. मिस्त्रींनी तुकडे खाली ठेवले आणि लेथला धरून, डाव्या हातावर भार देत, उठून उभे राहिले. उठताना तोंडातून आईगं निघालं, ते त्यांनी या खेपेला दाबलं नाही.

"डोळ्यानं कितपत दिसतं?"

"एकानं दिसतं. दुसऱ्यानं सावल्या दिसतात."

"दोरीला डोळे लागत नाहीत," मिस्त्री म्हणाले. "बाण तेवढा दिसला म्हणजे झालं. मला आज दोन्ही डोळे धड असून दिसला नाही."

आधी त्यांनी बेडवर पडलेला ओरखडा तेलाच्या दगडानं घासून घासून काढला. तेवढं डाव्या हातानं जमत होतं. मग चक बसवायचा होता. धाकट्यानं तो उचलून शाफ्टच्या तोंडाशी धरला आणि मिस्त्रींनी तो फिरवत फिरवत आट्यांवर चढवला. "जरा वर. वर म्हणजे केसभर, हातभर नाही. हां. आता हलू नका, श्वास घ्या पण हलू नका." आटे लागले तेव्हा दोघांनाही कळलं. इतक्या जवळ उभं राहून त्या दोघांनी याआधी कधी काही केलं नव्हतं.

मग दोरी राहिली. खिडकीखाली पडलेली ती मिस्त्रींनी उचलली. तिच्या टोकाला मुठीत बसेल अशी गाठ होती, वर्षानुवर्षं एकाच मुठीनं गुळगुळीत केलेली. ती देताना त्यांचा हात मागे राहिला.

"मी बोललो होतो," ते म्हणाले, "माझ्या हातानं ओढली गेली नाही तर..."

"तुम्ही बरंच काही बोलता." बायको केव्हा येऊन दारात उभी राहिली होती कुणास ठाऊक. "तुमचं बोललेलं सगळं धरून बसले असते, तर मी कधीच माहेरी जाऊन राहिले असते. द्या ती दोरी." आणि डोळे पुसत ती पुन्हा आत गेली.

मिस्त्रींनी दोरी दिली.

"दाराच्या बाजूला उभे राहा. वरून गुंडाळा. वरून, वरून. बाण बघा. आता हिसका द्यायचा तो हातानं नाही, कंबरेतून. हात नुसता मागोमाग येतो. आणि पुली फिरत असतानाच खटका. उशीर केलात तर रुसेल."

पहिल्या हिसक्याला मोटर गुरगुरली. आत दिवा मान टाकत असणार. मिस्त्रींनी 'पाडा, पाडा' म्हणायच्या आत त्यानं खटका पाडला होता. त्याचा चेहरा पडला.

"पहिल्यांदा मलाही जमलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. खरं तर जमलं होतं. "पुन्हा गुंडाळा."

दुसऱ्या हिसक्याला रुंद खांदे एकदम फिरले, दोरी सणसणत निघाली, खटका कडाडला. मोटर क्षणभर दचकली आणि धावायला लागली. पुली दाराकडे फिरत होती. मिस्त्रींनी बाणाकडे बघितलं, पुलीकडे बघितलं, पुन्हा बाणाकडे बघितलं.

मोटर धावत होती आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. लेथ राहिला होता, पण मोटर उठवायची सकाळ आता त्यांची राहिली नव्हती. रोजची ती झटापट, जिला ते शिव्या देत आले होते, ती दुसऱ्याची झाली होती.

आतून सवयीनं अर्धी हाक आली. "जावई उठ..." आणि तिथेच थांबली. भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग दबक्या आवाजात, "चालू झालं का?"

मिस्त्रींनी धाकट्याकडे बघितलं. तो दोरी हातात घेऊन धापा टाकत उभा होता. त्यानं मान वर करून, गल्लीभर ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "उठला, मामी! जावई उठला!"



मिस्त्री लेथपाशी गेले. या खेपेला चकावर नजर ठेवून त्यांनी हिरवं बटण दाबलं. चक सुलटा फिरला, अंगाशी येत, नेहमीसारखा. त्यांनी कान देऊन ऐकलं. आवाज ठीक होता. शाफ्ट दोघांना मिळून उचलावा लागणार होता.

"जावईबापू," ते म्हणाले.

मोटरीच्या घरघरीत ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही. तो दोरीची गुंडाळी खुंटीला अडकवत होता, पाठमोरा.

"अहो जावईबापू!"

तो वळला. एक डोळा बारीक करून त्यानं मिस्त्रींकडे बघितलं, मग मोटरीकडे.

"कोण, थोरले की मी?"

मिस्त्री हसले. हसल्यानं खांद्यातून कळ गेली तरी त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे कधी भरून आले ते कळलं नाही. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात वर नेला. तो छातीपर्यंत येऊन थांबला. मग त्यांनी ते डाव्या हातानं पुसले.